शेऱ्याचा रकाना

६ नोव्हेंबर २०१७, सोमवार

छातीत धडधडायला लागलं की मनात येईल ते लिहून काढा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ईसीजी स्वच्छ आला. म्हणजे हृदय ठणठणीत आहे आणि घाबरतो तो मी. शालिनी म्हणाली, "अहो, हे शोधायला एवढ्या वायरी कशाला लावल्या? मला विचारायचं."

तर लिहितो. ऑफिसची जुनी डायरी आहे, पहिली दोन पानं फाडली.

आज धडधडलं ते विक्रांतने सगळ्यांना काचेच्या खोलीत बोलावलं म्हणून. विक्रांत आमचा मालक, वय चौतीस, मूळचा पुण्याचा. गुडगावात बसून इंटरनेटवर गेम विकायचं दुकान चालवतो. मोठ्या परदेशी दुकानांत ज्यांना कोणी विचारत नाही, अशी एकटीदुकटी पोरं घरी बसून बनवलेले गेम आमच्याकडे ठेवतात. मी सरकारी उपक्रमातून स्वेच्छानिवृत्ती घेतली, त्या वर्षी मंडळाच्या गणपतीत त्याची ओळख झाली आणि त्याने मला कागदपत्रं सांभाळायला ठेवून घेतलं. खेळातलं माझं ज्ञान झब्बूच्या पुढे नाही. तरी तीन वर्षं निभावलं.

ग्राहकांनी कार्डाने दिलेले पैसे आमच्यापर्यंत पोचवणारी जी कंपनी आहे, तिचं पत्र आलंय. आक्षेपार्ह गेम काढा, काढलेल्यांची यादी चौदा तारखेपर्यंत पाठवा, नाहीतर आमची सेवा बंद. सेवा बंद म्हणजे दुकान बंद. आक्षेपार्ह म्हणजे काय, ते पत्रात कुठेही नाही. सोबत एकशेदहा इंग्रजी शब्द जोडलेत, एवढंच.

"मुरलीकाका, ये आपका काम," विक्रांत म्हणाला. "तुमच्याइतकं बारीक इथे कोणी वाचत नाही. बस, चाळीस-पन्नास निकाल दो, त्यांचं समाधान होईल. टेन्शन मत लो यार."

टेन्शन मत लो असं कोणी म्हणालं की मी कागद पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचतो.

७ नोव्हेंबर, मंगळवार

बाहेर इतका धूर की समोरचा टॉवर दिसत नाही. अकराव्या मजल्यावर राहायला आल्यापासून मी बाल्कनीत पाय ठेवलेला नाही. आज निदान कोणाला कारण सांगावं लागलं नाही.

जेवताना वल्लरीने पुन्हा पुण्याचा विषय काढला. पोरगी चोवीस वर्षांची झाली, एका जाहिरात कंपनीसाठी घरून चित्रं काढते. आता पुण्याच्या कुठल्याशा स्टुडिओने तिला नोकरीला बोलावलंय. तेही गेमच बनवतात. तिचं काही काम पाहून खूश झाले म्हणे. कसलं काम ते मी विचारलं नाही. विचारलं की आपल्याला रस आहे असं दिसतं.

"राहशील कुठे?" मी म्हटलं.

"दोन मुली आहेत बाबा, फ्लॅट शेअर करतात."

"कुठल्या? कोण?"

"चांगल्या आहेत. बिल्कुल नॉर्मल."

"झोपताना गॅस कोण बंद करतं त्यांच्यात?"

शालिनीने कपाळाला हात लावला. वल्लरी मात्र हसली नाही की चिडली नाही. "विचारून सांगते," म्हणाली. लहानपणापासून अशीच समजूतदार. कधी उलट बोलली नाही. आजही मी स्कूटीचे अपघात सांगितले, घरमालकांचे प्रकार सांगितले, ती प्रत्येकाला हं म्हणत राहिली.

९ नोव्हेंबर, गुरुवार

एकशेदहा शब्द मशीनमध्ये घातले तर सहाशे चाळीस गेम वर आले. पक्ष्यांचे फोटो काढायचा एक निरुपद्रवी गेम आहे, त्यात 'शूट' सापडला. गुवाहाटीच्या एकाने हातमागावर गेम बनवलाय, त्यात कापडाच्या पट्टीला 'स्ट्रिप' म्हटलंय. मी विक्रांतला दाखवलं. तो म्हणाला, "काका, कॉमन सेन्स लगाओ."

हेच तर अवघड. नियम असला की माणूस सुरक्षित असतो. अक्कल वापरली की ती कोणाची, असं नंतर विचारतात. दुधाने तोंड पोळलेला माणूस मी, ताकही फुंकून पितो. एकदा डिपार्टमेंटमध्ये एका फाइलवर 'हरकत नाही' असं लिहिलं होतं, तर चौकशी दीड वर्ष चालली. निर्दोष सुटलो, पण तेव्हापासून उजव्या हाताला लिहिताना घाम येतो. वल्लरी तेव्हा आठ वर्षांची होती.

गुवाहाटीवाल्याचा काढला.

ही यादी मी करतोय हे घरी सांगितलेलं नाही. ऑफिसचं ऑफिसात बरं.

१३ नोव्हेंबर, सोमवार

आज 'कडी' नावाचा एक गेम तपासला. त्याच्या वर्णनात 'चाइल्ड' आणि 'लॉक' असे दोन शब्द जुळत होते. बनवणाऱ्याने स्वतःचं नाव दिलेलं नाही, नुसतं 'थर्ड फ्लोअर' लिहिलंय.

उघडला आणि चकितच झालो. सरकारी क्वार्टर! हुबेहूब आमच्या दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या जुन्या घरासारखं. भिंतीला खाली हिरवा ऑइलपेंट, वर चुना, मीटरच्या पेटीवर चिमणीचं घरटं. एक लहान मुलगी आहे. तिला खाली मैदानात खेळायला जायचंय. दारात तिचा बाप उभा. बापाचं तोंड दिसत नाही, नुसता सदरा, खिशाला दोन पेनं आणि गळ्यात मफलर. मुलगी दाराशी आली की तो एक कारण सांगतो. ऊन आहे. कुत्री आहेत. मोठी पोरं दांडगट आहेत. आपण घरात शोधाशोध करून त्यावर तोडगा आणायचा, म्हणजे टोपी, काठी, शेजारची ताई. आणला की बाप पुढचं कारण काढतो. आवाज चढवत नाही, हात उगारत नाही. मधूनच आत जाऊन गॅस बघून येतो.

चाळीस मिनिटं खेळलो. बापाचं काही चुकतंय असं मला वाटलं नाही. गॅसच्या बटणाला त्याने सुतळी बांधली आहे, बटण बंद असल्याचं लांबूनही कळावं म्हणून. मीही बांधायचो. आपल्यासारखा काळजी घेणारा आणखी एक बाप त्या वस्तीत होता, हे पाहून बरं वाटलं. बनवणारा नक्की आमच्याच सेक्टरचा, शेजाऱ्यापाजाऱ्यांपैकी कोणाचं तरी पोर असणार. आम्हीसुद्धा तिसऱ्याच मजल्यावर होतो. मुलगी मात्र हट्टी दाखवली आहे. एकदा नाही म्हटल्यावर किती वेळा यायचं दाराशी?

शेवट बघायला वेळ नव्हता. अजून सत्तर गेम बाकी आहेत.

१४ नोव्हेंबर, मंगळवार

यादी गेली. दोनशे बारा. विक्रांतने आकडा पाहून शीळ घातली आणि न वाचता पुढे पाठवून दिली.

फॉर्ममध्ये प्रत्येक गेमपुढे शेऱ्याचा रकाना होता. लिहिणं ऐच्छिक आहे, असं वर छापलेलं होतं. बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी शेऱ्याचा रकाना कधी कोरा सोडला नाही, तो काय आता सोडणार? कोरा रकाना म्हणजे आमंत्रण. उद्या कोणीही येऊन विचारावं, का हो काढलात?

'कडी'पुढे मात्र अडलो. खरं सांगायचं तर त्यात काहीच नव्हतं. परत ठेवून द्यावा असंही मनात आलं. पण दोन शब्द जुळलेले, आणि मी तो चाळीस मिनिटं उघडल्याची नोंद मशीनमध्ये आहे. डोळ्यांनी पाहूनही ठेवलात, असं कोणी म्हणालं तर काय उत्तर देणार? शेवटी लिहिलं, अल्पवयीन मुलीस घरात कोंडून ठेवल्याचे चित्रण. गांभीर्याचे तीन पर्याय होते. मध्यम लिहिलं तर मध्यम का, असं विचारतात. 'तीव्र' लिहिलं.

त्यानंतर धडधड थांबली. बऱ्याच दिवसांनी डबा पूर्ण संपवला.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार

तक्रारींचा पाऊस. गुवाहाटीवाला विचारतो, कापडाच्या पट्टीला मी काय म्हणू ते तुम्हीच सांगा. कोणाच्या दोन वर्षांच्या मेहनतीचा प्रश्न, कोणाला आईबापांना तोंड कसं दाखवू ही काळजी. वाचवत नाही.

'कडी'वाल्याचंही पत्र आलं. इंग्रजी स्वच्छ आणि भाषा फार नम्र. ती पैसे पोचवणारी कंपनी इतर दुकानांसाठीही काम करते, त्यामुळे 'तीव्र' हा शेरा सगळीकडे गेला आणि त्यांनीही तो गेम काढून टाकला. बनवणाऱ्याचं नावच काळ्या यादीत गेलं. नोकरी देणारे लोक आता विचारतात की तुमच्याविरुद्ध असा गंभीर शेरा कसा? शेरा दहा दिवसांत, म्हणजे चोवीस तारखेच्या पाचपर्यंत मागे घेता येतो, त्यानंतर तो कायम होतो. शेवटी लिहिलंय, 'या गेममध्ये कोणी कोणाला कोंडलेलं नाही. कृपया शेवटपर्यंत खेळून पाहा. तुमचं दुकान लहान आहे हे मला ठाऊक होतं, तरी मी तो मुद्दाम आधी तुमच्याकडेच ठेवला.'

मुद्दाम आमच्याकडे का, हे काही कळलं नाही. वाईट वाटलं. पण शेरा मागे घ्यायचा म्हणजे चूक झाली असं लिहून द्यायचं, तेही स्वतःच्या नावानिशी. सगळ्यांना पाठवतो तेच ठरावीक उत्तर त्यालाही पाठवलं: निर्णय अंतिम आहे, सहकार्याबद्दल आभार.

घरी आलो तर वल्लरी सोफ्यावर फोन हातात धरून बसली होती. कोणाचा मेसेज, म्हटलं.

"काही नाही बाबा, ऑफिशियल टाइप आहे. थँक यू म्हटलंय त्यांनी."

१८ नोव्हेंबर, शनिवार

पुण्याचं अडलं! वल्लरीनेच सांगितलं. स्टुडिओवाल्यांना तिच्या कामाबद्दल कुठलासा दाखला हवाय, तो मिळाला नाही तर चोवीसनंतर दुसरी मुलगी घेणार. दाखला मिळेलसं दिसत नाही म्हणाली.

सुंठीवाचून खोकला गेला. मी तोंड शक्य तितकं गंभीर ठेवलं. पण पाय इतके हलके झाले होते की स्वतःहून खाली गेलो आणि गरम जिलेबी घेऊन आलो. वल्लरीने एक कडं घेतलं, तेही अर्धं. शालिनी माझ्याकडे बघत होती. तिला म्हटलं, थंडीत गोड खावं.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

घाईत लिहितोय, अक्षर लागलं नाही तर नाही.

शालिनीने ऑफिसला निघताना दार अडवलं. "तिने तुम्हाला सांगू नको म्हटलंय, पण आता मला राहवत नाही," म्हणाली. "तुमच्या त्या दुकानात तिने एक गेम ठेवला होता. दीड वर्ष खपून बनवलेला. आपल्या आर. के. पुरमच्या घरावर. तुमच्या लोकांनी काहीतरी घाणेरडा शेरा मारून काढून टाकला."

मी विचारलं, "माझ्या दुकानात का ठेवला?"

"तुम्ही दुसरीकडे कुठे बघणार होतात का? तिला वाटलं, ऑफिसात कधीतरी समोर येईल, तुम्ही उघडाल." मग डोळे पुसून म्हणाली, "तुम्हाला ऑफिसात अवघड होईल म्हणून पोरगी गप्प बसली आहे. तुम्ही बोला ना विक्रांतशी."

बघतो, म्हटलं.

मेट्रोत जागा असूनही बसलो नाही. सुतळी. दोन पेनं. मफलर तर आत्ता गळ्यात होता. चाळीस मिनिटं मी त्या माणसाची बाजू घेत बसलो होतो. आणि मग त्याच्याबद्दल काय लिहिलं मी? तीव्र.

२२ नोव्हेंबर, बुधवार

विक्रांतला आडून विचारलं, समजा एखादा शेरा चुकून गेला तर?

"दो मिनट का काम है काका. फॉर्मवर एक ओळ टाका, शेरा चुकीने दिला गेला, खाली तुमचं नाव. बस. का, कोणाचा चुकलाय?"

"कोणाचा नाही. असंच."

तो म्हणाला, "चुकला असेल तर बिनधास्त बदला. कोई फाँसी नहीं देगा."

त्याला काय कळतं? तो चौकशीला बसलेला नाही. मी दिवसभर विचार केला. कालपर्यंत हा गेम परक्याचा होता आणि मी शेरा मागे घेतला नाही. आज मुलीचा आहे असं कळल्यावर घेतला तर लोक काय म्हणतील? दोनशे बारांतला नेमका एकच कसा चुकला, तर पोरीचा. मग त्या कंपनीला सगळीच यादी खोटी वाटेल. दुकानावर अठरा माणसं जगतात. एका घरच्या माणसासाठी अठरांचा बळी द्यायचा का? हा साधा तत्त्वाचा प्रश्न आहे. मी घाबरतोय असं नाही.

संध्याकाळी शालिनीने विचारलं, बोललात का? हो, विषय काढला, म्हटलं. हे खोटं नाही.

२३ नोव्हेंबर, गुरुवार

जेवणाच्या सुट्टीत 'कडी' शेवटपर्यंत खेळलो. दुकानातून काढला तरी तपासणीच्या मशीनवर प्रत असते.

कारणं संपतच नाहीत. पाऊस येईल. अंधार पडेल. गेल्या वर्षी एक मुलगा पडला होता. घरातल्या वस्तू संपल्या, शेजारची ताई लग्न होऊन गेली, मुलीच्या हातात काही उरलं नाही. मी अडकून बसलो. मग सहज म्हणून पलंगाखाली पाहिलं तर तिथे बापाच्या चपला होत्या. मुलीने त्या आणून त्याच्या पायांसमोर ठेवल्या आणि त्याचं बोट धरलं. बाप पुढचं कारण सांगायला लागला, ते अर्ध्यावर थांबलं. कडी तिने काढली नाही, त्याने काढली. दोघं जिना उतरून मैदानात आले आणि तिथे पहिल्यांदा बापाचं तोंड दिसलं. उन्हाने डोळे बारीक केलेत आणि हसतोय. तिने माझं नाक जरा बरं काढलंय.

मला रडू आलं. केबिन काचेची, म्हणून चष्मा पुसत असल्यासारखं केलं. शिक्षा करायला म्हणून बनवलेलं नव्हतं ते. ती मला बाहेर न्यायला आली होती.

लगेच फॉर्म उघडला. शेरा चुकीने दिला गेला, एवढं लिहिलं. खाली माझं नाव लिहिलं, आडनाव लिहिलं. मग वाटलं, आत्ता मन हललेलं आहे, भावनेच्या भरात लिहिलेलं नंतर अंगाशी येतं. उद्या पाचपर्यंत वेळ आहे. सकाळी ताज्या डोक्याने एकदा वाचून पाठवावं.

बंद करताना मशीनने फॉर्म जपून ठेवायचा का, असं विचारलं. नको म्हटलं. अर्धवट कागद कोणाच्या नजरेला पडलेला बरा नाही.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज ऑफिसला गेलो नाही. सकाळपासून अंगात कणकण वाटत होती. शालिनीने दोनदा थर्मामीटर लावला, ताप नाही म्हणाली. आतला ताप असेल.

तिने अकरा वाजता विचारलं, "विक्रांतला फोन करायचा का मी?" मी म्हटलं, बरं नसताना ऑफिसची कटकट नको. बाहेर जाऊन तिने कुकर फार जोरात ठेवला.

वल्लरीने माझ्यासाठी सुट्टी घेतली. मऊ भात केला, तूप-मीठ घालून कालवून दिला. दुपारभर खुर्ची ओढून जवळ बसली होती. मी डोळे मिटून पडलो होतो आणि भिंतीवरचं घड्याळ ऐकत होतो. एकदा तिने कपाळावर हात ठेवला. "घाबरू नका बाबा," म्हणाली, "काही होत नाही. वायरल असेल." चार वाजता वाटलं, उठावं आणि विक्रांतला फोन लावावा, माझ्या नावाने तू लिहून टाक म्हणावं. फोन उशाशीच होता. साडेचारला तो उचललासुद्धा. पण बोलायला लागलो असतो तर समोर वल्लरी होती, आणि शेरा कोणी दिला होता हे तिला त्याच वेळी कळलं असतं. फोन पालथा ठेवला.

पाच वाजून गेल्यावर कणकण कमी झाली. सव्वापाचला उठून बसलो. वल्लरीने पाठीशी उशी लावून दिली आणि पाणी दिलं.

"बाबा, एक विचारू?" ती म्हणाली. "आईने तुम्हाला माझ्या गेमबद्दल सांगितलं ना? आता जाने दो, ते झालं. फक्त एवढंच सांगा, तो तुमच्या दुकानात होता तेव्हा तुम्ही कधी उघडून पाहिला होता?"

मी नाही म्हणालो.

तिने मोठा श्वास सोडला. "अच्छा," म्हणाली. "मग ठीक आहे. मला वाटत होतं, तुम्ही पाहिला असेल." माझ्या पायांवरचं पांघरूण तिने नीट केलं आणि ताट उचलून ती आत गेली.